पासष्ट भाग आणि दोनशे चाळीस येन

२२ मिनिटांचा एक भाग आणि असे ६५ भाग. गुणाकार केला की १,४३० मिनिटे होतात, म्हणजे चोवीस तासांना जेमतेम दहा मिनिटे कमी. ८० मिनिटांचा पूर्ण लांबीचा चित्रपट हे माप धरले, तर हे जवळजवळ अठरा चित्रपटांचे काम झाले. डिस्नेने सप्टेंबर १९८७ मध्ये ‘डकटेल्स’चे पहिले पर्व अमेरिकी टीव्हीवर आणले, त्याचा पसारा एवढा होता. पैशांच्या राशीत सूर मारणारा स्क्रूज काका आणि त्याच्या भाच्याचे तीन भाचे पुढे दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत बोलू लागले आणि आपल्याकडच्या एका पिढीला पाठ झाले. ती पात्रे अमेरिकी, कथा अमेरिकी, मूळ आवाजही अमेरिकी. त्या पर्वाची चित्रे मात्र टोकियोच्या एका स्टुडिओने काढली होती.

त्या स्टुडिओचे नाव टोकियो मूव्ही शिन्शा, संक्षेपात टीएमएस. युताका फुजिओका यांनी १९६४ मध्ये ‘टोकियो मूव्ही’ सुरू केली आणि १९७६ मध्ये तिची नव्याने बांधणी होऊन टीएमएस उभी राहिली. १९८० च्या दशकात ही कंपनी पाश्चात्त्य कार्टून मालिकांचे परदेशी काम घेणारी अत्यंत नावाजलेली कंपनी होती. त्या कामाची चर्चा बहुधा चित्रांच्या देखणेपणावरून होते. आकडे मांडून पाहिले तर दिसते, की काम टोकियोला आले ते वेळापत्रकामुळे आणि तिथून सुटले ते चलनाच्या दरामुळे.

६५ हा आकडा आला कुठून?

अमेरिकेत मुलांची कार्टून पूर्वी मुख्यतः शनिवारी सकाळी लागत. आठवड्याला एक भाग, त्यामुळे वर्षाला १३ नवे भाग पुरेसे असत. १९८० च्या दशकात स्थानिक वाहिन्यांना थेट मालिका विकण्याचा धंदा वाढला. तिथे सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग हवा होता. आठवड्याला ५ भाग आणि १३ आठवड्यांची एक तिमाही, म्हणून ६५. वर्षात तिमाही चार, म्हणजे तोच संच चार वेळा फिरवला की ५२ आठवडे भरले.

हा आकडा त्या काळातल्या मालिकांवर शिक्क्यासारखा उमटलेला दिसतो:

‘इन्स्पेक्टर गॅजेट’ (१९८३), पहिले पर्व: ६५ भाग
‘ट्रान्सफॉर्मर्स’ (१९८४), पहिली दोन पर्वे: १६ + ४९ = ६५
‘बायॉनिक सिक्स’ (१९८७): ६५
‘डकटेल्स’ (१९८७), पहिले पर्व: ६५
‘टायनी टून ॲडव्हेंचर्स’ (१९९०), पहिले पर्व: ६५
‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरिज’ (१९९२), पहिली मागणी: ६५
‘ॲनिमॅनियाक्स’ (१९९३), पहिले पर्व: ६५

यातली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ वगळता बाकी सहाही मालिकांच्या चित्रणात टीएमएसचा कमीअधिक वाटा आहे. ‘ट्रान्सफॉर्मर्स’चे मुख्य काम जपानच्याच तोएई ॲनिमेशनकडे होते.

१३ वरून ६५ म्हणजे कामाची थेट पाचपट. शिवाय १९८४ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरचे बंधन सैल केले. खेळण्यांच्या कंपन्यांना त्यामुळे मालिकांमध्ये पैसा घालणे परवडू लागले आणि मागणी आणखी फुगली. लॉस एंजेलिसमधल्या चित्रकारांच्या हातून एवढे काम त्या पैशांत आणि त्या वेळात निघणे शक्य नव्हते. तिथल्या कामगार संघटनेने काम देशाबाहेर जाऊ नये यासाठी १९७९ मध्ये संप केला आणि तो जिंकला. त्याच प्रश्नावर १९८२ मध्ये पुन्हा संप झाला, तो हरला. ‘ही-मॅन’ काढणारी फिल्मेशन ही कंपनी आपली चित्रे अमेरिकेतच काढून घेण्यावर ठाम राहिली. ती १९८९ मध्ये बंद पडली.

जपानकडे काम पाठवण्याची वाट त्याआधीच मळलेली होती. रँकिन-बास या अमेरिकी जोडगोळीने १९६० पासून टोकियोत बाहुलीपट करून घेतले. १९६४ चा ‘रुडॉल्फ’ हा नाताळचा प्रसिद्ध बाहुलीपट तिथलाच. १९७७ चा त्यांचा ‘द हॉबिट’ टोकियोच्या टॉपक्राफ्टने चितारला. याच टॉपक्राफ्टने १९८४ मध्ये दिग्दर्शक मियाझाकींचा ‘नाउसिका’ केला आणि तिथली मंडळी पुढे स्टुडिओ जिब्लीत गेली. परदेशी काम करणारे आणि स्वतःची कला उभी करणारे हात बऱ्याचदा एकच होते.

काम वाटले कसे जाई?

एका भागाचा प्रवास साधारण असा असे. पटकथा अमेरिकेत लिहिली जाई. संवाद तिथेच आधी ध्वनिमुद्रित होत. प्रत्येक दृश्याचा स्टोरीबोर्ड आणि पात्रे समोरून, बाजूने, मागून कशी दिसतात याचे नमुनातक्ते तयार होत. त्यासोबत एक्सपोजर शीट जाई. कोणत्या फ्रेमला कोणते चित्र आणि कोणत्या अक्षराला तोंडाचा कोणता आकार, हे त्यात ओळीने मांडलेले असे. हा सगळा गठ्ठा विमानाने टोकियोला पोहोचे. तिथे दृश्यांची मांडणी, मुख्य चित्रे, मधली चित्रे, पार्श्वभूमी, सेलवर म्हणजे पारदर्शक पट्ट्यांवर रंगकाम आणि कॅमेऱ्याखालचे चित्रीकरण होई. तयार फिल्म परत अमेरिकेला जाई. चुकलेल्या दृश्यांची यादी येई आणि तेवढी पुन्हा काढली जात.

जपानी चित्रकारांना यात एक गोष्ट उलटी होती. जपानी मालिकांमध्ये चित्र आधी आणि आवाज बहुधा नंतर, त्यामुळे तोंडाची हालचाल ढोबळ असली तरी भागते. इथे आवाज आधीच ठरलेला, तोही परक्या भाषेत. ओठ त्या आवाजाशी जुळलेच पाहिजेत.

दुसरा फरक चित्रांच्या संख्येचा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने धावते. २२ मिनिटांच्या भागात त्यामुळे ३१,६८० फ्रेम भरतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवले तर १५,८४० चित्रे लागतात. तीन फ्रेम ठेवले तर १०,५६०. प्रत्यक्षात स्थिर चेहरे, पुन्हा वापरलेली चाल, नुसती हलणारी तोंडे यांमुळे आकडा बराच खाली येतो. एकाच फ्रेममध्ये दोन-तीन पात्रे वेगवेगळ्या सेलवर असली की तो वरही जातो. तरी प्रमाण कळते. ६५ भागांना दोन-दोन फ्रेमच्या हिशेबाने १० लाख २९ हजार ६०० चित्रे, तीन-तीनच्या हिशेबाने ६ लाख ८६ हजार ४००. फरक ३ लाख ४३ हजार २०० चित्रांचा.

जपानी टीव्हीने १९६३ च्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून काटकसरीची शैली अंगी बाणवली होती. कमी चित्रे, लांबलेले स्थिर क्षण, आणि नाट्य उभे करायचे ते कॅमेऱ्याच्या कोनातून. अमेरिकी ग्राहकाला, विशेषतः डिस्नेला, सतत हलणारी आणि अंगाला लवचीकपणा असलेली पात्रे हवी होती. टीएमएसकडे त्यासाठी माणसे तयार होती, कारण फुजिओकांनी १९७५ मध्येच टेलिकॉम ॲनिमेशन फिल्म ही उपकंपनी काढली होती. तिथे यासुओ ओत्सुका यांच्यासारख्या जुन्या जाणत्या चित्रकाराने नवख्या मुलांना पूर्ण हालचालीच्या ॲनिमेशनचे धडे दिले. त्या घडणीचा पहिला मोठा पुरावा म्हणजे १९७९ चा, मियाझाकी दिग्दर्शित ‘कॅसल ऑफ कॅलिओस्ट्रो’.

युरोपाशीही टीएमएसचे धागे जुळले होते. १९८१ ची ‘युलिसिस ३१’ फ्रान्सच्या डिक कंपनीबरोबर, तर २६ भागांची ‘शेरलॉक हाउंड’ इटलीच्या राय या सरकारी वाहिनीबरोबर. ‘हाउंड’चे सहा भाग मियाझाकींनी दिग्दर्शित केले. अमेरिकेसाठी १९८४ मध्ये १३ भागांची ‘मायटी ऑर्बॉट्स’ झाली, ती ओसामु देझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली.

आठ दिवस

१४ सप्टेंबर १९८५, शनिवार. डिस्नेच्या टीव्ही ॲनिमेशनच्या पहिल्या दोन मालिका एकाच दिवशी सुरू झाल्या. एनबीसीवर ‘गमी बेअर्स’, सीबीएसवर ‘वझल्स’. दोन्हींची चित्रे टीएमएसची. फुजिओकांच्या कंपनीसाठी याहून चांगला मुहूर्त सापडला नसता.

आठच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणण्याचा करार केला. अमेरिकेची व्यापारी तूट कमी व्हावी हा हेतू होता. मोटारी आणि टीव्ही संच विकणारा जपान त्यांच्या डोळ्यांपुढे होता. कार्टूनचा विचार तिथे कोणी केला असण्याचे कारण नाही. पण कार्टूनचे बिलही डॉलरमध्येच निघत असे.

एका अमेरिकी कंपनीने जपानी स्टुडिओला १ लाख डॉलर दिले असे धरू. स्टुडिओच्या हातात किती येन पडले असते?

सप्टेंबर १९८५ (डॉलरला सुमारे २४० येन): २ कोटी ४० लाख
१९८५ अखेर (सुमारे २००): २ कोटी
१९८६ अखेर (सुमारे १६०): १ कोटी ६० लाख
१९८७ अखेर (सुमारे १२०): १ कोटी २० लाख
एप्रिल १९९५ (७९.७५): ७९ लाख ७५ हजार

सव्वादोन वर्षांत मिळकत निम्मी. चित्रकाराचा पगार, स्टुडिओचे भाडे, रंग, सेल, फिल्म हे सगळे येनमध्ये. तेवढेच येन हातात राखायचे तर डॉलरमधला दर दुप्पट करावा लागणार आणि दुप्पट दर लावला की ग्राहक नकाशावर दुसरे शहर शोधणार. ‘डकटेल्स’चा पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा हे गणित बरेच पुढे सरकलेले होते.

पुढे घडले तेही याला धरूनच. ‘डकटेल्स’चे एकूण १०० भाग झाले. पहिल्या ६५ नंतरचे काम प्रामुख्याने तैवानच्या वांग फिल्मकडे गेले. १९९० चा ‘डकटेल्स’ चित्रपट डिस्नेच्या फ्रान्समधल्या स्टुडिओने केला. डिस्नेने १९८८ मध्ये सिडनीत स्वतःचा स्टुडिओ उघडला. टोकियोतही ‘थंडरकॅट्स’ करणारी पॅसिफिक ॲनिमेशन कॉर्पोरेशन ताब्यात घेऊन आपली शाखा उभी केली. दक्षिण कोरियात नेल्सन शिन यांनी १९८५ मध्ये आकोम काढली. ‘द सिम्पसन्स’ची चित्रे काढणारी हीच ती कंपनी. जपानी कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. तोएईने १९८६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये भागीदारीत काम सुरू केले. अमेरिकेने जपानला दिलेले काम जपानने मनिलाला द्यायचे, अशी साखळी लांबत गेली.

महाग झाले तरी मागणी का उरली?

येन वधारूनही टीएमएसकडे अमेरिकी काम येणे थांबले नाही. कामाचा प्रकार मात्र बदलला. ‘गमी बेअर्स’च्या काळात अख्खी मालिका सोपवली जाई. १९९० नंतर वॉर्नर ब्रदर्सच्या मालिकांत एकाच पर्वाचे भाग सहा-सात स्टुडिओंत वाटलेले दिसतात. ‘बॅटमॅन’च्या ८५ भागांत जपानच्या सनराइज आणि स्पेक्ट्रम, कोरियाच्या आकोम आणि डाँग यांग अशा अनेकांची नावे श्रेयनामावलीत आहेत. टीएमएसच्या वाट्याला मोजकेच भाग आले. पण मालिकेचे सुप्रसिद्ध शीर्षकदृश्य टीएमएसचे. भागामागून भागाच्या सुरुवातीला तेच लागणार, म्हणजे त्यावरचा खर्च पुनःपुन्हा वसूल.

‘फीट ऑफ क्ले’ ही ‘बॅटमॅन’ची दोन भागांची कथा हा फरक दाखवायला पुरेशी आहे. पहिला भाग आकोमचा, दुसरा टीएमएसचा. कथा सलग, पात्रे तीच, नमुनातक्ते तेच. दुसऱ्या भागाच्या शेवटी क्लेफेस हा खलनायक ताबा सुटून एका रूपातून दुसऱ्या रूपात वितळत जातो. हालचालीचे वजन, मातीचा ओघळ, चेहऱ्यांचे एकमेकांत मिसळणे हे पाहिल्यावर स्टुडिओ बदलला हे सांगावे लागत नाही. असे अवघड प्रसंग असलेले भाग, शीर्षके आणि ‘हाउ आय स्पेंट माय व्हेकेशन’सारखा व्हिडिओ-चित्रपट (१९९२) टीएमएसकडे गेले, यावरून एवढा निष्कर्ष निघतो की टोकियो आता ठोक बाजार उरला नव्हता. तिथे निवडक माल घेतला जात होता. निवडक कामातून नाव टिकते, पण शेकडो चित्रकारांचा महिन्याचा पगार भागवायला रोजचे काम लागते.

निमोचा हिशेब

अमेरिकी मालिकांचा पैसा फुजिओकांना एका स्वप्नासाठी हवा होता. विन्सर मॅके यांच्या ‘लिटल निमो’ या जुन्या अमेरिकी चित्रकथेवर जगभर चालेल असा चित्रपट करायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेने आकार घेतला आणि चित्रपट जपानमध्ये लागला १९८९ मध्ये. मधल्या काळात मियाझाकी, ताकाहाता, देझाकी, रे ब्रॅडबरी, मोबियस, ब्रॅड बर्ड अशी कितीतरी माणसे या प्रकल्पात आली आणि गेली. खर्च सुमारे ३.५ कोटी डॉलर. १९९२ मध्ये अमेरिकेत लागल्यावर तिथली तिकीटविक्री सुमारे १४ लाख डॉलर, म्हणजे खर्चाच्या ४ टक्के. फुजिओका त्यानंतर या धंद्यातून बाजूला झाले. कंपनी १९९५ मध्ये क्योकुइची या मूळच्या वस्त्रोद्योगातल्या कंपनीत विलीन झाली आणि २००५ मध्ये सेगा सॅमी समूहाची उपकंपनी बनली.

‘निमो’चे काम चालू असतानाच याच स्टुडिओत १२४ मिनिटांचा ‘अकिरा’ (१९८८) झाला. त्यासाठी सुमारे १ लाख ६० हजार सेल वापरले गेले. जपानी कथा, जपानी दिग्दर्शक, आणि तो जगभर गेला. जगाला आवडावे म्हणून बेतलेला ‘निमो’ पडला आणि घरच्या प्रेक्षकासाठी केलेला ‘अकिरा’ जगाने उचलला.

हक्क कोणाचा?

दूरदर्शनच्याच उदाहरणाने हा भाग स्पष्ट होतो. १९९० च्या दशकात आपण ‘डकटेल्स’ पाहिली आणि ‘मोगली’ही पाहिली. दोन्हींची चित्रे जपानमध्ये काढलेली. ‘मोगली’ म्हणजे निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची ५२ भागांची ‘जंगल बुक’. ती निप्पॉनची स्वतःची मालिका होती, त्यामुळे दुसऱ्या देशात विकली गेली की निर्मात्याच्या पदरात काही पडणार. ‘डकटेल्स’ कितीही देशांत फिरली तरी टीएमएसचे बिल एकदाच निघाले होते. खेळणी, दप्तरे, पुनःप्रक्षेपण हे सारे डिस्नेचे.

टीएमएसला पुढे कशाने तारले हे पाहिले तर उत्तर जपानी नावांतच मिळते. १९७१ पासूनचा ‘लुपिन तिसरा’. ऑक्टोबर १९८८ पासून चालू असलेला ‘आनपानमान’. जानेवारी १९९६ पासून चालू असलेला, हजारांहून अधिक भागांचा ‘डिटेक्टिव्ह कोनान’. या कथा मूळ चित्रकथाकारांच्या, आणि हक्कांत प्रकाशक व वाहिन्यांचेही वाटे आहेत. पण वाटा आहे, हेच महत्त्वाचे. कोनानच्या २०२४ च्या चित्रपटाने एकट्या जपानमध्ये सुमारे १,५८० कोटी येनची तिकिटे विकली. त्यातला स्टुडिओचा हिस्सा थोडा धरला, तरी तो दरवर्षी नव्या चित्रपटागणिक येत राहतो. चित्रामागे ठरलेला मोबदला असा परत येत नाही.

अख्ख्या जपानी उद्योगाचे आकडे हीच दिशा दाखवतात. २०२३ मध्ये जपानी ॲनिमेशनची एकूण बाजारपेठ सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येनची होती. त्यातले सुमारे १ लाख ७२ हजार कोटी, म्हणजे ५१ टक्क्यांहून अधिक, जपानबाहेरून आले. येन जुलै २०२४ मध्ये डॉलरला १६० च्या पलीकडे घसरला होता. स्वतःच्या मालिका विकणाऱ्याला ही घसरण फायद्याची ठरते.

मुंबई-पुण्यासाठी तीन आकडे

परदेशी कार्टून आणि व्हीएफएक्सचे काम आज आपल्याकडेही होते. मुंबईच्या क्रेस्टने लायन्सगेटबरोबर केलेला ‘अल्फा अँड ओमेगा’ २०१० मध्ये अमेरिकेत लागला. पुण्याच्या रिलायन्स ॲनिमेशनची ‘लिट्ल सिंघम’ २०१८ पासून मुले पाहतात. आपल्या चलनाचा दर मात्र तेव्हाच्या जपानच्या उलट्या दिशेने सरकत गेला. १ लाख डॉलरचे १९८५ मध्ये सुमारे १२ लाख रुपये होत. २००० मध्ये सुमारे ४५ लाख आणि २०२४ मध्ये सुमारे ८४ लाख. टोकियोच्या स्टुडिओची येनमधली मिळकत दोन-अडीच वर्षांत निम्मी झाली आणि त्याला पर्याय शोधावा लागला. आपल्या स्टुडिओंना असा धक्का बसलाच नाही. रुपया घसरत राहिला की परदेशी काम आपोआप परवडत राहते आणि स्वतःची पात्रे उभी करण्याचा विचार पुढच्या वर्षावर ढकलला जातो. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने २००८ मध्ये आणलेल्या ‘छोटा भीम’सारखी, हक्क स्वतःकडे असलेली उदाहरणे म्हणूनच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

बाहेरचे काम कमी प्रतीचे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. टेलिकॉमच्या मुलांचा हात त्याच कामावर फिरला आणि त्याच हाताने पुढे मोठे चित्रपट काढले. पण चलनाचा दर कोणत्याही स्टुडिओच्या हातात नसतो, हक्क मात्र करारात मागता येतो. आपल्याकडच्या निर्मात्यांनी कंत्राट समोर आले की दर मिनिटाचा भाव पाहण्याआधी हक्काचे कलम वाचावे. पुढच्या वीस वर्षांची कमाई त्या कलमात ठरते.